टपाची जुनी गाडी अस्सल रूपात आणू इच्छिणाऱ्यांस चार हिताच्या गोष्टी

आपल्या अंगणात ताडपत्रीखाली वाडवडिलांच्या काळातील एखादी टपाची गाडी उभी असेल, आणि ती मूळ सुट्या भागांसह, मूळ रंगात, कारखान्यातून बाहेर पडली होती तशी पुन्हा रस्त्यावर आणावी अशी इच्छा आपल्या मनात उत्पन्न झाली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. या कामासाठी नाशिकमध्ये गुणीजनांची मुळीच उणीव नाही. कालपर्यंत पिकअपचे क्लच बदलणाऱ्या गॅरेजांवरही आता ‘व्हिंटेज कार रिस्टोरेशन’ अशी पाटी झळकू लागली असून, पाटी रंगवण्याखेरीज त्या कामाची कोणती पूर्वतयारी झाली आहे हे विचारणे असभ्यपणाचे ठरेल. आमची १९५५ ची मॉरिस मायनर कन्व्हर्टिबल अशाच एका पाटीखालून नुकतीच घरी परतली आहे. त्या अनुभवामुळे या विषयावर चार शब्द सांगण्याचा अधिकार आम्हांस प्राप्त झाला आहे असे आम्ही समजतो.

पहिली गोष्ट अशी की गाडीविषयीचे आपले ज्ञान गॅरेजच्या दाराबाहेर ठेवून आत जावे. आपण कारखान्याचे माहितीपुस्तक सोबत नेलेत, कोणता भाग कुठे बसतो याची चित्रे दाखवलीत, तर मालकाचा चेहरा पडतो आणि कामात त्याचे लक्ष लागत नाही. “काका, तुम्ही टेन्शनच घेऊ नका, नवीकोरी करून देतो,” हे त्याचे वाक्य ऐकून समाधानाने मान डोलवावी आणि ॲडव्हान्स द्यावा.

गाडी उकलण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढू नयेत. नंतर ती पाहून त्रास होतो.

मायनरच्या बॉनेटवर मधोमध, पुढून मागे जाणारी उठावाची पट्टी असते. ती पूर्वी कोणीतरी केलेल्या ठोकाठोकीची खूण आहे, असे डेंटरचे मत पडेल. या गाडीचा रचनाकार ॲलेक इसिगोनिस याला १९४७ च्या अखेरीस नमुन्याची गाडी अरुंद वाटली, म्हणून त्याने ती मधोमध कापवून घेतली, दोन्ही अर्धे एकमेकांपासून दूर सरकवत नेले आणि चार इंचांवर गाडी नजरेला बरोबर दिसली तेव्हा तो थांबला. बॉनेटवरची ती पट्टी म्हणजे ते चार इंच होत. बंपर तर आधीच तयार झाले होते, ते मध्ये कापून तुकडा जोडून वापरले, आणि १९४८ च्या लंडनच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. ही हकीकत डेंटरला सांगण्याच्या फंदात आपण पडू नये. आम्ही पडलो. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली, पट्टीच्या दोन्ही कडांना पुट्टी भरून बॉनेट साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत केले, आणि आम्हांला सांगितले, “कंपनीची मिस्टेक होती काका, आपण काढून टाकली.”

या गाडीच्या बॅटरीची अधिक बाजू मुळातच बॉडीला जोडलेली असते. इलेक्ट्रिशियनने ती चूक समजून परस्पर उलटी केली आणि वर ब्लूटूथचा स्टिरिओ बसवला, तर त्यास चहा पाजावा.

सडलेल्या पत्र्याचा विषय मात्र थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. मायनरला खाली स्वतंत्र चासी नसते. बॉडी हाच तिचा सांगाडा असतो. टपाच्या गाडीला वरचे छतही नसल्यामुळे सगळा भार जमिनीचा पत्रा आणि दारांखालच्या पोकळ पेट्या पेलतात, आणि कारखान्याने टपाच्या गाडीत याच भागाला जादा मजबुती दिली होती. त्या पेट्या सडल्या असतील तर कापण्यापूर्वी दारांच्या चौकटींत आडवे लोखंडी आधार वेल्ड करून घ्यायचे असतात, कारण तसे न केल्यास गाडी मध्येच वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही. परंतु एवढा खटाटोप कोणी करावा? आधार न देताच पेट्या कापाव्यात, दोन स्टँडवर उभी असलेली गाडी मध्ये खचू द्यावी, तशाच खचलेल्या अवस्थेत नवा पत्रा शिवून टाकावा, आणि मग दारे लागत नाहीत असे लक्षात आले की दारांच्या कडा ग्राइंडरने घासाव्यात. आमच्या डाव्या दाराची खालची कड एका टोकाला जेमतेम उरली असून तिच्यावर पुट्टी आणि पुट्टीवर रंग आहे. दार आता लागते. ते जोरात लावू नये, अशी सूचना मालकाने आपुलकीने दिली आहे. याला दुरुस्ती म्हणतात, आणि तिचे बिल ‘बॉडी अलाइनमेंट’ या नावाखाली लावतात.

रंगाच्या बाबतीत पेंटरच्या अभिरुचीवर सर्वस्वी विसंबावे. आमची गाडी मूळची क्लॅरेंडन ग्रे, म्हणजे मॉरिसच्या कारखान्याच्या यादीतील एक सौम्य करडा रंग. त्या काळच्या रंगाची झळाळी संयमित असे. वर क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक चकाकीचा, वेगळा थर नसे. मूळ छटा शोधायची तर डिकीतल्या अस्तराखाली किंवा डॅशबोर्डमागे, जिथे ऊन कधी पोचले नाही, तिथला एक कोपरा हलक्या हाताने पॉलिश करून त्यावरून रंग जुळवून घ्यायचा असतो. आम्ही असा कोपरा खडूची खूण करून दाखवला होता. पेंटरने सर्वप्रथम तोच कोपरा रंगवला. ग्रे ‘डल दिसतो’ म्हणून त्यात मेटॅलिकचे कण आले, त्यावर क्लिअर कोटचे थर आले, इंजिनाचा मूळ हिरवा रंग जाऊन तेही चंदेरी झाले, आणि कॉलेज रोडवरील मोबाईलच्या शोरूममध्ये शोभावी अशी एक वस्तू तयार झाली. शेजाऱ्यांना ती फार आवडली आहे.

टप हा टपाच्या गाडीचा सर्वांत गैरसोयीचा भाग होय, म्हणून कुशनवाल्याने त्याचा कायमचा बंदोबस्त केला. कॅनव्हसऐवजी जाड रेक्झिन घेतले, ते सांगाड्यावर इतके ताणून शिवले की घडीला वावच उरला नाही, आणि पुढची पट्टी फडफडू नये म्हणून काचेच्या चौकटीला स्क्रूने आवळून टाकली. आता टप उघडत नाही. परंतु गळतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ, तो म्हणजे मूळ सुटे भाग. जाहिरातीत ज्यांच्याबद्दल ‘ओरिजिनल पार्ट्स’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, ते भाग गाडीत आधीपासूनच बसलेले असतात ही या धंद्यातील फार मोठी अडचण आहे. ती दूर करण्याचा मार्ग असा. गाडीमालकाने प्रत्येक भाग वेगळ्या कापडात गुंडाळून, त्याला चिठ्ठी बांधून, पत्र्याच्या पेटीत भरून दिलेला असावा. पेटीत मधोमध एम अक्षर उठवलेल्या चार व्हीलकॅप असाव्यात, दारांची आतली हँडले असावीत, लुकास या ब्रिटिश कंपनीचा शिक्का मारलेला डायनॅमो असावा, आणि सर्वांत तळाशी दोन ट्रॅफिकेटर असावेत. ट्रॅफिकेटर ही वस्तू ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दारामागच्या पत्र्यात एक उभी अरुंद खाच असते आणि तिच्यात वीतभर लांबीचा नारिंगी हात मिटून बसलेला असतो. चालकाने वळण्यासाठी खटका फिरवला की आतल्या विद्युतचुंबकाच्या ओढीने तो हात ‘टक’ असा आवाज करून बाहेर आडवा होतो आणि त्याच्या पोटातला बारीक दिवा लागतो. मायनरला उघडझाप करणारे इंडिकेटर १९६१ मध्ये मिळाले, त्यापूर्वी सगळा कारभार या हातांवर चालत असे. आमचे दोन्ही हात चालू होते. डावा कधीमधी वर अडकून राही, तेव्हा खिडकीतून हात घालून एक टिचकी मारावी लागे. चालू होते, मूळचे होते, आणि त्यांच्या काचेला साधा तडाही गेलेला नव्हता! गाडी परत आली तेव्हा त्या खाचाच गाडीवर नव्हत्या. तिथे पुट्टी होती, पुट्टीवर मेटॅलिक रंग होता, आणि पुढे-मागे डीजेच्या गाडीवर असतात तसे पळते एलईडी होते. पेटी कुठे आहे असे विचारल्यावर गॅरेजमालकाने बिलाच्या तळाची ओळ बोटाने दाखवली. ‘जुना माल वजा — ३५० रुपये.’ “तुमचे कापले नाहीत काका, तुम्हालाच कमी करून दिले,” असेही वर सांगितले. अंबड लिंक रोडला, कितीदाही उठवली तरी पुन्हा बसणाऱ्या भंगाराच्या दुकानांतून आम्ही फिरून आलो. तिथल्या लोकांनी निदान सहानुभूती तरी दाखवली. पितळ, तांबे आणि लोखंड वेगळे करून माल त्याच दिवशी पुढे जातो, हे त्यांनी नीट समजावून सांगितले.

आणि हे सगळे का, तर म्हणे “जुन्या गाडीचा माल मिळत नाही.” दहा लाखांचा आकडा ओलांडणारी ही पहिली ब्रिटिश गाडी आहे. तिच्या दारांखालच्या पेट्या, रबरी पट्ट्या, टपाची कापडे आजही इंग्लंडमध्ये नवी तयार होऊन विकली जातात. मागवली तर कस्टम भरून घरपोच येतात. माल मिळत नाही असे नाही. माल मागवायला भागाचा क्रमांक वाचावा लागतो, आणि तो वाचण्यापेक्षा मारुतीचा भाग ठोकून बसवणे सोपे असते.

यापुढे आपली गाडी काय कामाची, असा प्रश्न पडल्यास त्यालाही उत्तर आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यांत होणाऱ्या प्री-वेडिंग शूटसाठी ती भाड्याने द्यावी, बॉनेटवर नवरदेवाने पाय ठेवावा, आणि वरातीत झेंडूच्या माळा थेट रंगावर चिकटपट्टीने डकवाव्यात. व्हिंटेज वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेले नियम मात्र वाचू नयेत. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडीच व्हिंटेज ठरते, वीस हजार रुपये शुल्क भरल्यावर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, आणि असा क्रमांक घेतलेली गाडी भाड्याने फिरवता येत नाही, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे.

आता पुरे झाले. गॅरेजवाल्यांनो, तुम्हांला जमत नसेल तर नाही म्हणा. त्यात कमीपणा काहीच नाही. ज्याला गिअरबॉक्स उत्तम उघडता येतो त्याला टप शिवता आला पाहिजे असे कोणी म्हटलेले नाही. पण दुसऱ्याच्या गाडीवरचा भाग काढल्यावर तो दुसऱ्याचाच असतो, तुमच्या भंगारवाल्याचा नव्हे, एवढे तरी कळायला कोणत्या माहितीपुस्तकाची गरज आहे? न विचारता विकणे याला चोरी म्हणतात, मग बिलात त्याचे पैसे वजा करा की करू नका. आणि दारांखालच्या पेट्या आधाराशिवाय कापून गाडी वाकवणे हा निष्काळजीपणा आहे. त्या गाडीत उद्या माणसे बसणार आहेत, खड्ड्यात ती मध्ये मोडली तर कोण उत्तर देणार? आणि गाडीमालकांनो, तुमचेही कौतुक करण्यासारखे काही नाही. दर आठवड्याला फोन करून “दसऱ्यापर्यंत देता का, रॅलीत न्यायची आहे” म्हणून घाई तुम्हीच करता, पुट्टीवर चकाकणारा रंग पाहून “वा, नवी दिसते” असे तुम्हीच म्हणता, आणि सत्तर वर्षांचे बंपर, व्हीलकॅप, स्पीडोमीटर नव्या चकचकीत वस्तूंवर अदलाबदलीत देऊन टाकता. तुम्हांला नवी गाडी हवी असेल तर मुंबई नाक्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत शोरूम आहेत, तिथे जा आणि जुनी गाडी ज्याला सांभाळायची आहे त्या माणसाला विका. आणि ज्या सद्गृहस्थाकडे आमची पेटी गेली, त्याचा पत्ता तरी सांगा. साडेतीनशे रुपये परत घ्या, वर हवे ते मागा, पण पत्ता सांगा.