तिठ्यावरचा ढीग कोणाचा?

आमच्या गोव्यात डिचोली बाजूला कचऱ्याचा विषय निघाला की दोन मिनिटांत सगळे पर्यटकांवर घसरतात. बागा-कळंगुटला येतात, वाळूत बिअरच्या बाटल्या फोडून जातात, खरंच आहे, मीपण शिव्या घालतो. पण आमच्या तिठ्यावर वडाखाली जो ढीग आहे तिथे सुंगटांच्या (कोळंबीच्या) साली टाकायला कुठला दिल्लीवाला येतो हो?

मागच्या महिन्यात मीच टाकली. कचऱ्याची गाडी चुकली, बांगडे साफ केलेली पिशवी वास मारायला लागली, बायको म्हणाली वाटेत बघा कुठेतरी. स्कूटरच्या हुकाला अडकवली, अख्ख्या रस्त्यात हात धजला नाही आणि तिठ्यावर मात्र आपोआप सुटली, स्कूटर थांबवलीसुद्धा नाही. मनात एवढंच, आधीच एवढा पडलाय, माझ्या एका पिशवीने काय होतंय.

यावर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात प्रयोग झालाय, २००८ साली प्रसिद्ध झाला. गल्लीत लावलेल्या सायकलींच्या हँडलला जाहिरातीचे कागद अडकवले, आसपास डबा नाही. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी कागद खाली टाकला किंवा दुसऱ्याच्या सायकलला लावला (हे अगदी आपल्यासारखं!), भिंतीवर रंग फासल्यावर तेच ६९ टक्के. भिंतीचा आणि कागदाचा संबंध काय? काही नाही. पण इथे कोणी विचारत नाही हे माणसाला बरोबर कळतं. आमच्या वडाला 'कचरा टाकल्यास दंड' असा बोर्ड आहे, ढीग बरोबर त्याच्याच खाली, म्हणजे बोर्ड काय सांगतो आणि ढीग काय सांगतो ते बघा, लोक ढिगाचं ऐकतात.

गंमत म्हणजे तिथून पन्नास पावलांवर देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदाराची जागा आहे, तिथे कागदाचा कपटा नाही. लोक म्हणतात भीती. असेलही. पण मला वाटतं तिथे एकही पिशवी दिसत नाही, मग पहिली कोण टाकणार?

परवा पंचायतीने ढीग उचलला. दोन दिवस वडाखाली चक्क माती दिसली. तिसऱ्या दिवशी सकाळी एक निळी पिशवी, व्यवस्थित गाठ मारलेली. मी उचलली बाबा, जुनं पाप फेडायला म्हणा. आता ती आमच्या व्हरांड्यात आहे, गाडी गुरुवारी येणार, आणि बायको विचारतेय ही कोणाची.