खुलासा: सॉकर संघात निवड म्हणजे फीमाफी नव्हे
‘अमेरिकेतल्या कॉलेजच्या पुरुष सॉकर संघात मुलगा निवडला गेला की चारही वर्षांची फी माफ’ असा मेसेज फिरतोय. तसं नाही. एनसीएए ही तिथल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना. तिच्या पहिल्या, म्हणजे सर्वात वरच्या डिव्हिजनमध्ये अनेक वर्षं अख्ख्या संघाला मिळून जेमतेम ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतक्या पैशांची मर्यादा होती. प्रशिक्षक त्यांचेच तुकडे करून पंचवीसेक पोरांत वाटत. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यात २०२५ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना आता ती मर्यादा नाही, फक्त संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू. पण मुभा मिळाली म्हणून तिजोरी उघडतेच असं थोडंच आहे! तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारख्या आठ विद्यापीठांचा गट) तर खेळासाठी शिष्यवृत्ती मुळातच नसते. प्रशिक्षकाचा तोंडी शब्दही बंधनकारक नसतो. रक्कम लेखी मागा.