न गेलेल्या दोघी

'द सॅफायर्स' म्हटलं की बहुतेकांना २०१२ चा सिनेमा आठवतो. मुळात ते टोनी ब्रिग्ज यांचं नाटक, २००४ साली मेलबर्नला रंगमंचावर आलेलं. चार ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी, मुली १९६८ मध्ये व्हिएतनामला जातात आणि सैनिकांसमोर सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, गातात. गाणी सुरू झाली की पाय आपोआप ठेका धरतात. माझं फार लाडकं आहे ते.

पण ही गोष्ट टोनींच्या आईवरून, लॉरेल रॉबिन्सन यांच्यावरून सुचलेली, आणि खरं घडलं ते वेगळं होतं. 'सॅफायर्स' या गटात मूळ गाणाऱ्या तिघी: लॉरेल, बेव्हर्ली ब्रिग्ज आणि नेओमी मेयर्स. व्हिएतनामचं बोलावणं आलं तेव्हा बेव्हर्ली आणि नेओमी यांनी सरळ नाही म्हटलं. त्यांचा व्हिएतनाम युद्धालाच विरोध होता. मग लॉरेल आपली बहीण लोइस पीलर हिला घेऊन गेल्या.

हा नकार माझ्या मनातून जातच नाही. आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, देशाच्या लोकसंख्येत ॲबोरिजिनल लोकांना धरायचं की नाही यावर ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं होतं! अशा काळात परदेशी जाऊन गायची संधी दारात आलेली, आणि या तरुण मुली ती आपल्या मतासाठी सोडतात. गेलेल्या दोघींना मी अजिबात कमी लेखत नाही, युद्धभूमीवर जाऊन गाणं ही साधी गोष्ट नाही. पण चौघींना विमानात बसवलं की तो नकार पुसला जातो.

सिनेमात तर एक आयरिश मॅनेजर या मुलींना कंट्री गाण्यांकडून सोलकडे वळवतो. इथे मला खरंच राग येतो. या बायका योर्टा योर्टा या ॲबोरिजिनल समाजाच्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे फिस्क ज्युबिली सिंगर्स १८८६ सालीच मरे नदीकाठच्या मलोगा मिशनमध्ये, ॲबोरिजिनल लोकांसाठीच्या ख्रिस्ती वसाहतीत, येऊन गायले होते. त्यांच्या, बायबलमधल्या फॅरो या इजिप्तच्या राजाच्या सैन्यावरच्या भजनाचं योर्टा योर्टा रूप, 'न्गारा बुरा फेरा', पुढे पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलं. ते घडवण्यात थॉमस शॅड्रॅक जेम्स या शिक्षकाचा हात होता. जन्म मॉरिशसचा, आईवडील भारतीय! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या गळ्यात हे सूर होते, त्यांना सोल कुणी बाहेरच्याने शिकवायचं?

सिनेमाच्या अमेरिकी डीव्हीडीचं कव्हर बघा. पुढे मॅनेजर ठळक, रंगीत. मागे चारही मुली निळसर-करड्या रंगात विझवलेल्या. २०१३ मध्ये खऱ्या सॅफायर्सनी त्यावर आक्षेप घेतला आणि वितरकाला माफी मागावी लागली. तिथेही त्या गप्प बसल्या नाहीत.

नेओमी पुढे सिडनीच्या रेडफर्नमधली ॲबोरिजिनल वैद्यकीय सेवा कित्येक वर्षं चालवत होत्या. लोइस शिक्षणक्षेत्रात गेल्या, ॲबोरिजिनल मुलींच्या वोरावा कॉलेजच्या प्राचार्या झाल्या.

कुणीतरी या नाटकाला एक प्रवेश जोडावा असं मला मनापासून वाटतं. तिघी एका खोलीत. लॉरेल बॅग भरतेय. बाकीच्या दोघी का येणार नाहीत, ते तिला तोंडावर सांगतायत. आणि तरी त्या रात्री तिघी मिळून एकदा गातात.