सीबीटीवरच्या त्या फॉरवर्डला उत्तर

'सायकॉलॉजिस्टकडे पैसे घालवण्याआधी हे वाचा' असा एक लांबलचक मेसेज पुण्यातल्या फॅमिली ग्रुपांवरून फिरतोय. बरेच मुद्दे, प्रत्येकापुढे लाल उद्गारचिन्ह, खाली कोणाचंच नाव नाही. एरवी असलं काही मी उघडतही नाही. पण माझ्या मामेबहिणीनं तो वाचून सीबीटीची (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे बोलण्यातून आणि सरावातून विचार-वागणुकीवर केलेला मानसोपचार) पहिलीच अपॉइंटमेंट रद्द केली, वर चालू असलेली गोळीही सोडली. आता बोलणं भाग आहे.

गोळीचंच आधी घेतो. बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा माणसाला आजारी पाडणारा आहे. मेसेज म्हणतो, 'सीबीटी लागू पडायची असेल तर आधी सगळ्या गोळ्या बंद करा, बधिर मन काही शिकत नाही.' हा शोध कुणाचा? नैराश्य तीव्र असेल तर उपचार कसे करावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या सूचनांमध्ये सीबीटी आणि गोळ्या एकत्र घेण्याचा पर्याय ठळकपणे दिलेला आहे. उलट नैराश्यावरची गोळी एकदम तोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, यातलं काहीही होऊ शकतं. ज्याला आधीच पॅनिकचा, म्हणजे अचानक घबराटीचा झटका येण्याचा, त्रास आहे, त्याला वाटतं आजारच बळावला. गोळी कमी करायची ती लिहून देणाऱ्या डॉक्टरला, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्टला विचारून, हळूहळू. सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहून देत नाहीत आणि परस्पर बंदही करत नाहीत. गंमत म्हणजे याच मेसेजचा चौथा मुद्दा आहे, 'तिथे गुंगीच्या गोळ्या देतात.' म्हणजे गोळ्या सोडून जायचं, आणि गोळ्या देतात म्हणून जायचंच नाही! लिहिणाऱ्यानं निदान स्वतःचा मेसेज तरी एकदा वाचायचा.

'सीबीटी म्हणजे पॉझिटिव्ह विचार करा, हे तर आपली आजीही सांगायची.' नाही, आजी हे सांगत नव्हती. बहिणीचंच घ्या. कात्रजच्या बसमध्ये गर्दी झाली की तिची छाती धडधडते, हात गार पडतात, आणि 'आता हार्ट अटॅक येणार' म्हणून ती मधल्याच स्टॉपवर उतरते. सीबीटी करणारा तिला 'असं काही होणार नाही गं' म्हणून धीर देत बसत नाही. तो कागदावर रकाने आखायला लावतो: प्रसंग काय, नेमका कोणता विचार आला, भीती शंभरपैकी किती, त्या विचाराच्या बाजूनं पुरावा काय, विरुद्ध काय. मग प्रकृतीला चालत असेल तर खोलीतच मिनिटभर भराभर श्वास घ्यायला किंवा जागच्या जागी धावायला सांगतो. धडधड मुद्दाम आणायची आणि अटॅक येतो का ते बघायचं. पुढच्या आठवड्याचा गृहपाठ म्हणजे स्वारगेटहून एकच स्टॉप, नंतर पद्मावतीपर्यंत, मग कात्रज. घाम फोडणारं काम आहे हे. 'नुसत्या गप्पा मारायचे पैसे' म्हणणाऱ्यानं एकदा तो गृहपाठ करून दाखवावा.

'एकदा अडकलात की आयुष्यभर.' 'नाइस'च्या त्याच सूचनांमध्ये सौम्य नैराश्यासाठी साधारण ८ आणि तीव्र नैराश्यासाठी साधारण १६ सत्रं धरली आहेत. कुणाला जास्त लागतील, पण चांगला थेरपिस्ट सुरुवातीलाच उद्दिष्ट ठरवतो आणि मधूनमधून थांबून काय बदललं ते मोजतो. महिनोन्‌महिने ना उद्दिष्ट ना मोजमाप, असं चाललं असेल तर जरूर विचारा.

'हे पाश्चात्त्य खूळ, आपल्या मातीत चालत नाही.' मूळ अमेरिकेतलं आहे, कबूल. अ‍ॅरन बेक या मानसोपचारतज्ज्ञानं १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात ते मांडलं. पण शेजारच्या गोव्यात काय झालं ते बघा. तिथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर अभ्यास झाला. सीबीटीच्याच कुळातली एक उपचारपद्धत स्थानिक, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी ६ ते ८ भेटींत वापरली. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक बरे झाले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटातले ३९ टक्के. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. गोव्याची माती चालते आणि पुण्याची तेवढी चालत नाही?

'रेकॉर्ड होतो, लग्न मोडतं.' मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २३: गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तिथलं बोलणं बाहेर जात नाही. लग्न मोडायला मावशीआजींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरेसा असतो.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि इथे मेसेजला अर्धे गुण द्यावे लागतात. खाजगी सायकॉलॉजिस्टकडे एका सत्राला हजार-दीड हजार सहज जातात, दर आठवड्याला. बहुतेक विमा पॉलिसी ओपीडीचा हा खर्च देत नाहीत. झेपत नसेल तर पुण्यातल्या सरकारी ससून रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पूर्ण सीबीटी तिथे फोनवर होणार नाही, पण पुढे कुठे जायचं ते कळेल. आणि हेही खरं, की बोर्ड लावून बसलेला प्रत्येक जण सीबीटी शिकलेला नसतो. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. बाकीच्यांना शिक्षण काय, सीबीटीचं प्रशिक्षण कुठे घेतलं, गृहपाठ देता का, हे फोनवरच विचारा. फी विचारताना आपण लाजत नाही, मग हे विचारताना कशाला लाजायचं?