अनुवादाला आठ गुण

गेल्या आठवड्यात साहित्यानुवादावरच्या एका राष्ट्रीय परिषदेला जाऊन आले. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण हे त्या एका विद्यापीठाबद्दल नाहीच. जेवण चांगलं होतं, गेस्टहाउसला गरम पाणी होतं, आणि आयोजक मॅडम बिचाऱ्या काखेत फाइल मारून दिवसभर धावत होत्या. माझी तक्रार एवढीच की अनुवादावर इतकं बोलणं झालं, पण मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून एक पानसुद्धा कुणी वाचलं नाही.

उद्घाटनात साने गुरुजी आणि भारतीय भाषांना जवळ आणायची त्यांची आंतरभारतीची कल्पना, दोन्ही आले. ते येतातच. गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले, तिरुवळ्ळुवरांचं तमिळ नीतिकाव्य 'कुरल' मराठीत आणलं, टाळ्या. मला खरं तर तिथून पुढचं ऐकायचं होतं. एक कुरल म्हणजे दोन ओळी, पहिलीत चार पदं, दुसरीत तीन, आणि असे 1330. एवढ्या घट्ट विणीच्या मजकुराचं मराठीत काय करायचं? ओवी करायची, सुभाषितासारखं बांधायचं की सरळ गद्यात सांगून मोकळं व्हायचं? गुरुजींना हे प्रश्न पडलेच असणार. पण तोवर प्रमुख पाहुण्यांच्या सत्काराची वेळ झाली होती.

मग पेपर. निम्म्यांच्या शीर्षकात 'स्वरूप, समस्या आणि आव्हाने' होतं. प्रत्येकाला दहा मिनिटं, त्यातली सात वॉल्टर बेंजामिनचा अनुवादावरचा 1923 चा निबंध आणि अनुवादाचा अभ्यासक लॉरेन्स व्हेनुटी याचं 1995 चं पुस्तक यांना. मी सिद्धांताच्या विरोधात नाही. व्हेनुटी मला कामाचा वाटतो. गुळगुळीत, अडखळू न देणाऱ्या अनुवादात अनुवादक पुसला जातो आणि परक्या भाषेचं परकेपणही पुसलं जातं, हे त्याचं म्हणणं आपल्याकडे तर जास्तच लागू आहे. 'अनुवाद वाटतच नाही' हे मराठी परीक्षणातलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. गंमत म्हणजे एका वक्त्याने पाच मिनिटं व्हेनुटी मन लावून समजावला आणि सहाव्या मिनिटाला एका कादंबरीचं कौतुक करताना म्हणाला, "वाचताना हा अनुवाद आहे असं वाटतच नाही." सभागृहात कुणाची पापणी हलली नाही.

कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या मराठीत आलेल्या कादंबऱ्यांवरही एक पेपर होता. त्यात सांस्कृतिक अंतर होतं, समतुल्यता होती, पण ते काम घडलं कसं याचा शब्द नव्हता. त्यांच्या अनुवादिका उमा कुलकर्णी; त्यांचे पती विरुपाक्ष कुलकर्णी मूळ कन्नड वाचून टेप करून ठेवत आणि उमाताई ते ऐकत मराठीत लिहीत, हे उमाताईंनी स्वतः सांगितलेलं आहे. म्हणजे कादंबरी डोळ्यांनी नाही, कानांनी आली. वाचणाऱ्याने कुठे श्वास घेतला, कुठे आवाज चढवला, तेही सोबत आलं असणार. त्याचा मराठी संवादांवर काय परिणाम झाला असेल? मी हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, प्रश्न चांगला आहे, पण वेळेअभावी चहाला बोलू." चहाला अध्यक्ष दिसले नाहीत.

हे असं का होतं याचं उत्तर मला तिथल्याच एका तरुण सहायक प्राध्यापकाने दिलं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीत शिक्षकांच्या संशोधनाला गुण ठरवून दिलेत. मानव्यशाखेत एका शोधनिबंधाला 10. स्वतः लिहिलेलं पुस्तक राष्ट्रीय प्रकाशकाने काढलं तर 10. अनुवादित पुस्तकाला 8. राष्ट्रीय परिषदेत पेपर वाचला तर 3, देशातच झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वाचला तर 5. परिषदांच्या गुणांना वरची मर्यादा आहे हे खरं, पण हिशोब कुणालाही कळेल. चारशे पानांची कादंबरी दुसऱ्या भाषेतून आणायला दोन-अडीच वर्षं घाला, आठ गुण. कुणीतरी केलेल्या त्या अनुवादावर दहा पानी निबंध छापून आणा, दहा गुण. तीन राष्ट्रीय परिषदा फिरून या, नऊ. मग अनुवादाबद्दल बोलणाऱ्यांची रांग लागणार आणि अनुवाद करणारे रात्री जेवणानंतर चोरून करणार, यात नवल काय? हा मुलगा खरोखरच तसं करतो. विभागात सांगितलेलं नाही, "उगाच म्हणतील, रिकामा वेळ आहे वाटतं," म्हणाला.

पैशांबद्दल दोनच ओळी. अनुवादित पुस्तकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराची उजळणी प्रत्येक सत्रात झाली: 2022 ला गीतांजली श्री आणि डेझी रॉकवेल, 2025 ला बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती. पन्नास हजार पौंड लेखिका आणि अनुवादिका यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात, हे मात्र अभिमानाच्या भरात मागे पडलं. इंग्लंडमध्ये अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर छापा म्हणून 2021 मध्ये खुलं पत्र काढावं लागलं. आपल्याकडे मुखपृष्ठावर नाव सहसा असतं, त्याबाबतीत मराठी प्रकाशकांना मानलं पाहिजे. पण माझ्या वाट्याला आलेले बहुतेक करार एकरकमी मानधनाचे, पुढच्या आवृत्त्यांशी माझा संबंध नाही. यावर एखादं सत्र ठेवा म्हटलं तर 'हा शैक्षणिक विषय नाही'.

परिषद खरी झाली ती रात्री कँटीनमध्ये. तोच मुलगा, बेळगावकडच्या एक निवृत्त बाई आणि मी. त्याने कन्नड कादंबरीतलं एक पान काढलं. धारवाडकडची म्हातारी, जावई दारात आलाय, नातू पायात घोटाळतोय. तिची बोली उत्तर कर्नाटकातली, म्हणून याने तिला ठसठशीत कोल्हापुरी बोलायला लावलं होतं. बाई उखडल्या. "ही धारवाडची. हिला पंचगंगेचं पाणी कशाला पाजतोस?" तो म्हणाला, "मग काय सदाशिव पेठेतलं बोलवू?" दोघांचंही बरोबर. कोल्हापुरी आली की वाचक तिला पन्हाळ्याच्या पायथ्याशी नेऊन बसवतो, आणि प्रमाण भाषेत तिचा गावच नाहीसा होतो.

बाईंनी मग त्याला मूळ पान मोठ्याने वाचायला लावलं. दोनदा. तेव्हा लक्षात आलं की म्हातारी सगळ्यांशी सारखी बोलतच नाही. जावयाशी बोलताना अहो-जाहो, सावरून, वाक्य पूर्ण करून. त्याच दमात नातवाकडे वळली की वाक्यं तुटतात, आवाज चढतो, बोली उफाळते. म्हणजे प्रश्न कोणत्या जिल्ह्याची मराठी हा नव्हता, ती कुणाशी काय आणि किती मोकळं बोलते हा होता. आणि हे चढउतार मराठीत करता येतात, आपल्या घरोघरी सासवा तेच करतात. त्याने कोल्हापुरी क्रियापदं बरीचशी काढली, जावयाशी बोलतानाची वाक्यं लांबवली, नातवाशी बोलतानाची निम्मी केली. तरी एक ओळ अडलीच. बाईंना ती ठेवायची होती, मला नको होती, आणि अजूनही नको आहे. कँटीनवाल्याने खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवायला घेतल्या तेव्हा आम्ही उठलो.

असं एक सत्र ठेवायला काय लागतं? मूळ पान, त्याचे दोन मसुदे, आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवलेले, आणि समोर बसलेला अनुवादक. झेरॉक्सचा खर्च एका शालीपेक्षा कमी येईल. चार समांतर सत्रांतलं एक रद्द केलं तर वेळही निघतो. आणि यूजीसीने अनुवादित पुस्तक स्वतंत्र पुस्तकाच्या बरोबरीने धरावं, ही मागणी भाषांच्या विभागांनीच करायला हवी. आम्ही बाहेरचे करून कोण ऐकतो?

दरम्यान आणखी एका महाविद्यालयाचं निमंत्रण आलंय. विषय पुन्हा स्वरूप आणि समस्या. मी कळवलं, पेपर वाचणार नाही, एक पान वाटीन आणि त्यावर सगळे मिळून काम करू. समन्वयकांचं लगेच उत्तर आलं: कल्पना छान आहे मॅडम, पण प्रमाणपत्रावर 'शोधनिबंध सादर केला' असंच छापलेलं आहे, चालेल ना?

चालेल म्हटलं.