'सगळं नॉर्मल आहे' हे मला आता ऐकवू नका

'नॉर्मल' हा शब्द ऐकला की हल्ली माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सात महिने झाले. ४४ वर्षांची आहे मी. त्याआधी मला कसलं दुखणं नव्हतं, रोजची गोळी नव्हती, काहीच नव्हतं. एका सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवले आणि खोली गरकन फिरली. झोप पुरी झाली नसेल म्हटलं. चार दिवसांनी पुन्हा तेच, आणि या वेळी छातीत अशी धडधड की ठोके कानात ऐकू येत होते. बाथरूमच्या भिंतीला टेकून कशीबशी उभी होते आणि बाहेरून धाकटा ओरडत होता, "आई, माझे मोजे कुठे आहेत?" मी सांगितलं कुठे आहेत ते. नेहमीच्या आवाजात सांगितलं. दार उघडायला मात्र मला दहा मिनिटं लागली.

तेव्हापासून तीन डॉक्टर झाले, रिपोर्टची फाइल फुगली, आणि तिघांचं उत्तर एकच. सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.

अहो, मी टेन्शन घेऊन तुमच्याकडे आलेच नव्हते. मी चक्कर घेऊन आले होते. टेन्शन आलं ते नंतर, तुमच्या दारातून तीनदा तशीच परत गेल्यावर.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? जे तपासलंच नाही, त्यालाही नॉर्मल म्हणून टाकतात. माझा ईसीजी काढला. साधा ईसीजी साधारण १० सेकंदांचा असतो. माणसाचं हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं, त्यातले दहा-बारा त्या कागदावर आले. माझी धडधड आठवड्यातून तीन-चार वेळा होते, तीही मध्येच केव्हातरी. त्या टेबलावर मी शांत पडले होते तेव्हा ती नव्हती, म्हणजे ती मला होतच नाही? २४ तास ठोके नोंदवणारं होल्टर नावाचं यंत्र अंगाला लावतात, हे मला कुणी सांगितलं नाही. मीच वाचलं, मीच विचारलं, त्यावर "बघू पुढे" असं उत्तर मिळालं.

बीपी बसवून मोजला. माझा त्रास उभं राहिल्यावर होतो, हे मी दारातून आत शिरल्यापासून सांगतेय. आडवं झोपवून नाडी मोजायची, मग उभं करून १० मिनिटं पुन्हा मोजत राहायची, इतकीच ती तपासणी. उभं राहिल्यावर १० मिनिटांत नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढली, बीपी पडला नाही आणि हे महिनोन् महिने चाललं, तर त्या प्रकाराला वैद्यकात नाव आहे. मला तोच आजार आहे असा माझा दावा नाही. मी घरी मोजलं तेव्हा झोपून ७२ आणि उभी राहिल्यावर १०८ आले, एवढंच मी म्हणतेय. हे आकडे मी सांगितले तेव्हा समोरच्यांनी कागदावरून मान वर केली नाही. "इंटरनेटवर फार वाचू नका," म्हणाले.

आणि रक्त. हिमोग्लोबिन १२.२, म्हणून रक्त उत्तम. शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर घसरतं, हे त्यांना माहीत नसेल असं मी मानायला तयार नाही. फेरिटिन, म्हणजे तो साठा दाखवणारी रक्ततपासणी, करा म्हणून मी हट्ट धरला. आलं ११. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी मोठ्या माणसात १५ च्या खाली गेलं की साठा संपलेला. पाच महिने मी जिने चढताना धापा टाकत होते आणि पाच महिने माझं रक्त उत्तम होतं! गोळ्या सुरू झाल्या, धाप कमी झाली. चक्कर आणि धडधड तशीच आहे. म्हणजे कारण एकच आहे असंही नाही. पण एक तरी सापडलं, आणि ते हट्ट धरल्यामुळे सापडलं. जिला हट्ट धरता येत नाही तिने काय करायचं?

पाळीचं तर विचारूच नका. एक डॉक्टर म्हणाले, "अजून वेळ आहे, त्याचं काही नसणार." दुसरे म्हणाले, "तेच असणार, या वयात होतंच, सोसायचं." दोन अगदी उलटी उत्तरं, आणि दोघांनीही पाळी कशी येतेय हे विचारलं नाही. पाळी थांबायच्या काही वर्षं आधीपासून धडधड, झोपमोड, सांधेदुखी, डोकं न चालणं सुरू होऊ शकतं. हार्मोन्स दिवसागणिक वरखाली होतात, म्हणून एका रक्ततपासणीवरून हो किंवा नाही ठरवता येत नाही, बाईशी बोलावं लागतं. आणि असलंच तेच, तर त्यावर उपचार आहेत. 'सोसायचं' हा उपचार नाही.

पोटातल्या अल्सरचं काय झालं ते आठवा. वर्षानुवर्षं लोकांना सांगितलं, चिंता करता म्हणून होतं, शांत राहा. ऑस्ट्रेलियाच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू दाखवून दिला तेव्हाही पटेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्याआधी किती माणसं पोट जळत असताना स्वतःच्याच स्वभावाला दोष देत बसली असतील!

घरच्यांबद्दलही बोलते. "चेहऱ्यावर तर काही दिसत नाही." "मुलं वाढवताना सगळेच थकतात." "जरा व्यायाम कर, बरं वाटेल." केला व्यायाम. दोन दिवसांनी अशी गळून गेले की कंगवा धरायला हात वर जाईना. हाड मोडलं असतं तर प्लास्टर दिसलं असतं, कुणी पिशवी तरी उचलली असती. नाव नसलेल्या दुखण्याला घरात जागा नसते. आणि आईपणाला रजा नसते. ताप असला तर निदान थर्मामीटर दाखवता येतो.

(एक मात्र रागाच्या भरातही सांगते. छातीत दाबल्यासारखी कळ, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, शुद्ध हरपणं, यातलं काही झालं तर वह्या आणि नोंदी बाजूला ठेवा, तडक इमर्जन्सीत जा.)

मुलांचं लिहायला बसले की हात थांबतो. धाकटा आठ वर्षांचा आहे. हल्ली काही मागायच्या आधी तो विचारतो, "आई, आजचा दिवस चांगला आहे की वाईट?" आठव्या वर्षी त्याने आईची हवा बघून तोंड उघडायचं? थोरली तेरा वर्षांची. मी आंघोळीला गेले की ती बाहेर घुटमळते. "आतून कडी लावू नकोस," म्हणते. गेल्या महिन्यात मी स्वयंपाकघरात खाली बसले, बसले म्हणजे पडलेच. ती धावत आली. मी म्हटलं, "काही नाही गं, सगळं ठीक आहे."

ती एवढी चिडली की मी बघतच राहिले. "मग पडलीस कशाला? मला का खोटं सांगतेस?"

सात महिने मला जे ऐकवलं गेलं, तेच मी माझ्या पोरीला ऐकवत होते. आणि तिचा राग शंभर टक्के बरोबर होता. मी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं, "कशामुळे होतंय ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही अजून माहीत नाही. पण मी शोधणं सोडलेलं नाही." ती घाबरेल असं वाटलं होतं. घाबरली नाही. तिने वही आणली आणि म्हणाली, "कधी कधी होतं ते लिहू या."

एवढंच हवंय हो मला. खुर्चीत बसलेल्या शिकल्यासवरल्या माणसाने एकदा म्हणावं, मला माहीत नाही, पण शोधू. तेरा वर्षांच्या मुलीला हे ऐकून धीर येतो, तर मला येणार नाही? खोटं निदान मला नको. चिंतेची गोळीसुद्धा मी घेईन, पण आधी तपासा आणि मग द्या. न तपासता माझ्या मनावर ढकलू नका.

मंगळवारी चौथ्या डॉक्टरांकडे जातेय. वहीत सव्वीस दिवसांच्या नोंदी आहेत: तारीख, वेळ, झोपून नाडी, उभं राहून नाडी, पाळीचा कितवा दिवस. सहा दिवसांचं अक्षर माझं नाही, तिचं आहे. त्या दिवशी मला पेन धरवत नव्हतं. वही टेबलावर ठेवणार आहे, आणि ती वाचून होईपर्यंत मी तिथून हलणार नाही.