बालभारती ते ऑक्टेव्हिया

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझं मामेभावाशी कडाक्याचं वाजलं. विषय नेहमीचाच, पुण्यातला बालभारती ते पौड फाटा रस्ता. वेताळ टेकडीवरून जाणारा हा जेमतेम दोन किलोमीटरचा रस्ता 1987च्या विकास आराखड्यापासून कागदावर आहे. तो झाला की सेनापती बापट रस्त्यावरून थेट पौड रस्त्याला उतरता येईल, लॉ कॉलेज रस्ता आणि नळस्टॉप मोकळा श्वास घेतील, असं सांगतात. मी लिहिलं, टेकडी फोडू नका. दादाचं उत्तर आलं, "तुला तिकडे आठ-आठ लेनचे रस्ते. आणि तुझ्या आठवणी जपायला आम्ही इथे धूर खात बसायचं."

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

कारण दादा, सॅन फ्रान्सिस्कोत मी ज्या ऑक्टेव्हिया रस्त्यावरून ऑफिसला जाते, तिथेच असा एक रस्ता होता. 101 महामार्गापासून निघून हेज व्हॅली या वस्तीतल्या घरांच्या खिडक्यांसमोरून जाणारा, दुमजली, काँक्रीटचा, शहराच्या पश्चिमेकडच्या रस्त्यांना जोडणारा छोटासा सेंट्रल फ्रीवे. 17 ऑक्टोबर 1989च्या भूकंपाने तो खिळखिळा झाला. काही भाग पाडला, उरलेल्याचं काय करायचं यावर शहर दहा वर्षं भांडलं. 1997 साली मतदान झालं: दुरुस्त करून परत उभा करा. 1998 साली पुन्हा मतदान: नको, साधा रस्ता करा. 1999 साली तिसऱ्यांदा, आणि पुन्हा साधा रस्ताच जिंकला. 2005च्या सप्टेंबरमध्ये ऑक्टेव्हिया बुलेव्हार्ड खुला झाला. मधे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या, दोन्ही कडांना हळू चालणारी गल्ली, झाडं, आणि टोकाला एक चिमुकली बाग. रविवारी तिथल्या बाकावर बसलं की पोरं शिल्पांवर चढताना दिसतात. त्याच जागेवर पूर्वी खांब होते.

किनाऱ्यावरच्या एम्बार्कडेरो फ्रीवेचं तर विचारूच नका. तो बे ब्रिजपासून गोल्डन गेटपर्यंत जायचा होता, ब्रॉडवे रस्त्यापाशीच अडला. 1959 साली शहराच्या लोकप्रतिनिधींनी आखलेल्या दहापैकी सात फ्रीवे रद्द केले, त्यामुळे. भूकंपानंतर तोही पाडायचं ठरलं, तेव्हा चायनाटाउनचे दुकानदार म्हणत होते, गिऱ्हाईक येणार नाही, आम्ही बुडू. महापौर अ‍ॅग्नोस यांनी तो पाडायला घेतला आणि 1991 साली तेच निवडणूक हरले. पण आज फेरी बिल्डिंगसमोर उभं राहिलं की मधे एकही खांब न येता पाणी दिसतं.

आपल्याकडे काय झालं? विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधताना हेच ऐकलं होतं, कोंडी सुटेल. 2020 साली तो पूर्ण पाडला आणि तिथे नवा, दुमजली बांधायला घेतला. नळस्टॉपला मेट्रोखालचा पूल झाला, आणि दादा अजून नळस्टॉपचंच गाऱ्हाणं सांगतो. पूल पाडता येतो, बांधता येतो. टेकडीचा खडक एकदा फोडला, तिच्यात जिरणारं पाणी एकदा वळवलं, की कोणाला ते परत करता येणार नाही.

आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे: मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकाकडे. त्याच काळात टेकडीवरच्या या रस्त्याला गती आली, आणि 2023च्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकरांना टेकडीसाठी रस्त्यावर उतरावं लागलं. सॅन फ्रान्सिस्कोत तीन वर्षांत तीनदा विचारलं. आपल्याकडे एकदा तरी विचारा.

हे मी ग्रुपवर लिहिलं. जे लिहिलं नाही ते आता लिहिते.

ओक स्ट्रीटवरून ऑक्टेव्हियाला वळून मार्केट स्ट्रीटच्या सिग्नलपाशी मी आठवड्यातून तीन दिवस अडकते. चिडते. फ्रीवे असता तर दहा मिनिटं वाचली असती, हा विचार माझ्याही मनात येतो. 2024 साली समुद्रकाठचा ग्रेट हायवे गाड्यांना बंद करायचा की नाही यावर मतदान झालं. शहराने हो म्हटलं, पण त्या रस्त्याच्या जवळ राहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नाही म्हटलं. ते अगदी दादासारखंच बोलत होते. मी मात्र मत देऊ शकले नाही, ग्रीन कार्डावर देता येत नाही. पुण्यात देता येईल, पण त्यासाठी पुण्यात असावं लागतं. लोकांना विचारा असं दोन्ही शहरांना सांगणाऱ्या मला दोन्हीकडे कोणी विचारत नाही, आणि त्याला दुसरं कोणी जबाबदार नाही.

माझी टेकडी 2006 सालची आहे. पहाटे एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने बाबांबरोबर चढायचं, खाणीपाशी मोर ओरडायचा, खाली येऊन रस्त्याच्या कडेला चहा. बाबा आता चढत नाहीत, त्यांचे गुडघे गेले. आईला दर पंधरा दिवसांनी सेनापती बापट रस्त्यावरच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. नेतो कोण? दादा. मी ज्या धुराबद्दल त्याच्याशी वाद घालते, त्या धुरात तो माझ्या आईला शेजारी बसवून थांबलेला असतो.

काल इथे सकाळचे साडेसहा वाजले होते. मी उत्तर टाइप करत होते, मार्केट स्ट्रीटचा फोटोही जोडला होता. तेवढ्यात त्याचा मेसेज आला: "आत्याला घेऊन निघालोय. लॉ कॉलेज रोड जाम. उशीर होईल." मी लिहिलेलं पुसलं आणि विचारलं, आईने काही खाल्लंय का. त्याने लिहिलं, बिस्किटं दिलीत.

रस्त्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ते आता मी ग्रुपवर लिहिणार नाही, डिसेंबरमध्ये आले की त्याच्या गाडीत शेजारी बसून सांगेन.